नटाने कसं वाचावं

(एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या वाचनालयाचे दिवंगत कार्यवाह स्वतः कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. पण गावात राज्य नाट्य स्पर्धेचं वारं सुरू झालं की ते कपाटातून नाटकं काढून ठेवत आणि मुलांना सांगत, आधी वाचा, मग उभे राहा. त्यांच्या नावाने बोलायचं तर मला याहून योग्य विषय सुचला नाही.

‘वाचून अभिनय शिकता येतो का?’ हा प्रश्न मला बहुतेक अभिनय शिबिरांत कुणीतरी विचारतंच. विचारणारा मुलगा किंवा मुलगी सहसा लहान गावातली असते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जागा मोजक्या, पुण्याचं ललित कला केंद्र लांब, मुंबईतल्या खासगी क्लासची फी झेपत नाही. हातात असतो मोबाइल आणि फार तर वाचनालयाचं कार्ड. मी त्यांना सांगतो, येतो, बराचसा येतो. मात्र वाचायची रीत बदलावी लागते. आणि ऑडिशनपुरतं बोलायचं तर मी पुढे जाऊन म्हणेन की ऑडिशन ही मुळात वाचनाचीच परीक्षा आहे.

मुंबईत अंधेरीच्या पुढे वर्सोव्याला आराम नगर नावाची वस्ती आहे. जुने बैठे बंगले, त्यांत कास्टिंगवाल्यांची ऑफिसं. बाहेर मुलामुलींची रांग. दारातल्या माणसाला चेहरा कथेतल्या पात्राशी जुळत नाही असं वाटलं तर तो ‘नॉट फिट’ म्हणतो आणि तिथूनच परत जावं लागतं. आत गेलात की छोटी खोली, एक कॅमेरा, दोन दिवे, जमिनीवर चिकटपट्टीची खूण. नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची. मग संवाद. कागद हातात पडून कधी तास झालेला असतो, कधी जेमतेम दहा मिनिटं. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागचा एखादा सहायक वाचतो. सकाळपासून तीच वाक्यं वाचून तो कंटाळलेला असतो, त्यामुळे त्याच्या आवाजात चढउतार राहिलेला नसतो. या दहा मिनिटांत मुलं काय करतात? पाठांतर. ओठ हलवत, डोळे मिटून, कागद मुठीत धरून घोकत बसतात. निवड करायला मी टेबलाच्या पलीकडे बसतो तेव्हा मला आत येणारा माणूस घोकून आलाय की वाचून आलाय, हे पहिल्या दोन वाक्यांत कळतं. घोकलेल्याचं लक्ष पुढच्या शब्दावर असतं. वाचलेल्याचं लक्ष समोरच्या माणसावर असतं.

अशा तुटक कागदावरून भूमिका उभी करणं ही नवी अडचण नाही. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला सबंध नाटक मिळत नसे, त्याची ‘नक्कल’ मिळे. त्याची स्वतःची भाषणं आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द, एवढंच. शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या रंगभूमीवरही हाच रिवाज होता. एडवर्ड ॲलन या नटाच्या एका भूमिकेची अशी प्रत लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवली आहे. पण त्या नटांना आजच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट मिळत होती, ती म्हणजे तालीममास्तर. गोविंद बल्लाळ देवलांसारखा माणूस समोर बसून वाक्यावाक्याचा अर्थ सांगायचा, कुठे थांबायचं ते शिकवायचा. कागद अर्धा असला तरी अर्थ पुरा मिळे. ऑडिशनच्या खोलीत देवल नसतात. तिथे नटाला स्वतःच आपला तालीममास्तर व्हावं लागतं आणि ते काम वाचनाखेरीज जमत नाही.

एक उदाहरण घेऊ. हे कुठल्या नाटकातलं नाही, आजच्यासाठी मीच लिहिलं आहे. पात्रं दोन, सुमन आणि विनय. रात्र. विनय घरात येतो.

सुमन : जेवलास?
विनय : ऑफिसात खाल्लं.
सुमन : बरं.

विनयच्या भूमिकेसाठी आलेला मुलगा हे वाचतो आणि थकल्याचा अभिनय करतो. खांदे पाडतो, उसासा टाकतो. कारण प्रवेशाच्या आरंभी ‘रात्र’ असं लिहिलेलं असतं आणि ऑफिसातून आलेला माणूस थकलेला असतो हे त्याला ठाऊक असतं. त्याने कागद पाहिला आहे, वाचलेला नाही. नीट वाचा. ती ‘जेवणार का’ असं विचारत नाही, ‘जेवलास’ असं विचारते. म्हणजे हा बाहेर जेवून येत असणार हे तिने गृहीत धरलंय, आजचा हा पहिला दिवस नाही. तिने जेवणाचं विचारलं, याने खाण्याचं सांगितलं. तो जेवला नाही, काहीतरी खाल्लं, नाहीतर काहीच खाल्लं नाही आणि घरात पानावर बसणं त्याला टाळायचं आहे. का? आणि ते ‘बरं’. त्याच्यापुढे पूर्णविराम आहे, प्रश्नचिन्ह नाही. तिने विषय संपवला. तिने ताट वाढून ठेवलं होतं का? ती स्वतः जेवली आहे का? विनयने ते झाकलेलं ताट येतानाच पाहिलं का? पाहिलं असेल तर ‘ऑफिसात खाल्लं’ म्हणताना त्याची नजर कुठे असेल?

इतकं झालं की खांदे पाडायची गरज उरत नाही. चार शब्दांत एका संसाराचे दोन-तीन महिने सापडले आणि ते शोधायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. शब्द पाठ करायला मुद्दाम वेळ द्यावा लागत नाही, कारण अर्थ लागला की शब्द आपोआप बसतात. हे दिग्दर्शक सांगतात तेव्हा मुलांना खरं वाटत नाही. करून पाहिल्यावर वाटतं.

हे प्रश्न विचारायची शिस्त पुस्तकांनी बांधून दिली आहे. ऑडिशन या एकाच विषयावर लिहिलेलं आणि जगभर वाचलं गेलेलं पुस्तक मायकल शर्टलेफ यांचं, नावच ‘ऑडिशन’, साल 1978. शर्टलेफ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नटांची निवड करण्याचं काम करत. हजारो नटांना पाच-पाच मिनिटांत पाहिलेल्या माणसाने हे पुस्तक लिहिलं आहे, म्हणून त्यात हवेतलं काही नाही. त्यांनी बारा मार्गदर्शक खुणा सांगितल्या आहेत. सगळ्या मी इथे मोजून दाखवत नाही, पुस्तक मिळवून वाचा. तीन मात्र सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांची गाडी नेमकी तिथे अडते.

पहिली खूण नात्याची. समोरची व्यक्ती बहीण आहे, बायको आहे, साहेब आहे, एवढं ठरवून भागत नाही. आत्ता या घडीला मला तिच्याबद्दल काय वाटतं, हे ठरवावं लागतं. दुसरी, प्रवेशाच्या आधीचा क्षण. पात्र पडदा उघडल्यावर जन्माला येत नाही, ते कुठून तरी आलेलं असतं. विनय जिना चढून आला, दाराशी थांबला, किल्ली असूनही त्याने बेल वाजवली की किल्लीनेच दार उघडलं? कॅमेरा सुरू व्हायच्या आधी नटाने तो क्षण जगून घ्यायचा, म्हणजे पहिलं वाक्य थंड पडत नाही. तिसरी खूण जागेची. ऑडिशनला येणारे बहुतेक सगळे त्या खोलीतच असतात, पात्राच्या घरात नसतात. तुमच्या ओळखीचं एखादं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा, फ्रिज कुठे आहे, ओटा कुठे आहे ते नक्की करा. अंग वेगळं वागायला लागतं.

कॅमेऱ्यामागून सपाट आवाजात वाचणाऱ्या सहायकाचं काय करायचं, यावरही शर्टलेफ बोलतात. ब्रॉडवेवरही हीच रड होती. त्या माणसाकडून काही मिळत नाही म्हणून कुढू नका, आपल्या आयुष्यातलं खरं माणूस त्याच्या जागी बघा आणि तरीही त्याच्याशीच बोला, असा त्यांचा सल्ला आहे. आता तर सेल्फ-टेपचे दिवस आले. करोनानंतर लातूरचा, रत्नागिरीचा मुलगा घरच्या भिंतीपुढे उभा राहून मोबाइलवर प्रवेश चित्रित करतो आणि समोरची वाक्यं त्याची धाकटी बहीण वाचते. त्या मुलाला शर्टलेफचं हे पान फार उपयोगी आहे.

शर्टलेफच्या आधी, 1973 साली, उटा हागेन या थोर अभिनेत्रीने ‘रिस्पेक्ट फॉर ॲक्टिंग’ लिहिलं. त्यातले नऊ प्रश्न प्रत्येक नटाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. मी कोण, वेळ कोणती, मी कुठे आहे, भोवती काय आहे, परिस्थिती काय, समोरच्याशी नातं काय, मला काय हवं, आड काय येतंय, आणि हवं ते मिळवायला मी काय करतो. आपला विनय या नऊ प्रश्नांतून पुन्हा काढून पाहा. शेवटच्या तीन प्रश्नांपाशी तुम्ही अडखळाल आणि भूमिका तिथेच सापडेल.

आता स्तानिस्लावस्की. त्यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि त्यांच्या पुस्तकांची गोष्ट वाचनाबद्दल बरंच शिकवते. मॉस्को आर्ट थिएटर 1898 साली स्थापन करणाऱ्या या नटाने आपली पद्धत रुक्ष शास्त्रग्रंथासारखी लिहिली नाही. एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात लिहिली. हा विद्यार्थी घरी आरशासमोर ऑथेल्लो करतो, डोळे फिरवतो, दात दाखवतो, वाघासारखा वावरतो आणि स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी तेच करायला जातो तर सगळं पोकळ. गावच्या गणेशोत्सवात काम केलेल्या प्रत्येकाला यात आपला चेहरा दिसेल.

त्याच पुस्तकातला हरवलेल्या पिनेचा प्रसंग मी शिबिरात मुलांकडून मुद्दाम करून घेतो. मारिया नावाच्या विद्यार्थिनीला सांगितलं जातं की तुझी फी भरायला मैत्रिणीने एक मौल्यवान पिन दिली, ती पडद्याच्या चुण्यांत कुठेतरी टोचून ठेवली आहे, शोध. मारिया रंगमंचावर धावते, कपाळ धरते, छाती पिटते, पडदा ओढते. खाली येऊन म्हणते, किती छान वाटलं! गुरू विचारतात, पिन कुठे आहे? ती शोधायचं विसरलेली असते. मग तिला सांगतात की पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती चूण चूण तपासू लागते. चेहरा गंभीर, हालचाल संथ, भावना दाखवायचा यत्किंचितही प्रयत्न नाही, आणि बघणारे मात्र श्वास रोखून बघतात. मी हे वाचून दाखवतो, मग मुलांना खोलीत खरोखर हरवलेली वस्तू शोधायला लावतो. त्या दोन पानांतून जे कळतं ते मी तासभर बोलून सांगू शकत नाही.

पण या ग्रंथाच्या बाबतीत एक दुर्दैव घडलं. स्तानिस्लावस्कींचा विचार अखंड होता, आधी आतली तयारी, मग आवाज, शरीर, बोलणं. इंग्रजीत पहिला भाग 1936 साली ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ नावाने आला, आणि दुसरा, ‘बिल्डिंग अ कॅरेक्टर’, 1949 साली. मधली तेरा वर्षं अमेरिकेतल्या नटांच्या हातात अर्धाच विचार होता. त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये स्वतःच्या जुन्या दुःखांच्या आठवणी उकरून भावना आणण्यावर फार भर दिला जात होता. स्टेला ॲडलर 1934 साली पॅरिसला जाऊन प्रत्यक्ष स्तानिस्लावस्कींकडे काही आठवडे शिकल्या आणि परत येऊन त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की परिस्थिती आणि कल्पना यांना पहिला मान आहे, खासगी जखमांना नाही. त्यावरून जो वाद पेटला तो पुढे कित्येक वर्षं शमला नाही. आजही मुंबईत एखादा मुलगा रडण्याच्या प्रवेशाआधी आपल्या वारलेल्या आजीला आठवत कोपऱ्यात बसलेला दिसतो, तेव्हा मला वाटतं, याने अर्धं पुस्तक वाचलंय. रडू येतं, पण ते आजीसाठी येतं. प्रवेशात जी व्यक्ती गेली आहे तिच्यासाठी येत नाही, आणि कॅमेऱ्याला तो फरक कळतो.

मराठी वाचकाला यासाठी इंग्रजीवरच विसंबावं लागतं असं नाही. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या उभारणीत असलेले के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्की मराठीत आणला. त्याही आधी, 1928 साली, गोदावरी केतकरांनी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिला. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक ही अभिनयाची चार अंगं आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं. ऑडिशनमध्ये आहार्य जवळजवळ नसतं, ना वेश ना रंग. उरलेल्या तिघांवर माणूस उभा राहतो, आणि वाचिकात कच्चा असेल तर तिथेच पडतो. डॉ. श्रीराम लागूंचं ‘वाचिक अभिनय’ हे पुस्तक म्हणूनच मी प्रत्येक मुलाच्या हातात देतो. लागू कुठल्या नाट्यशाळेत गेले नव्हते. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात हौशी नाटकं करत करत 1970 साली ते ‘नटसम्राट’पर्यंत पोचले. आवाजाचं यंत्र डॉक्टर म्हणून आणि नट म्हणून, दोन्ही अंगांनी जाणणारा माणूस लिहितो तेव्हा ते नुसतं वाचायचं नसतं, रोज सकाळी मोठ्याने करायचं असतं.

नटांची आत्मचरित्रं हे तर मराठीचं खास वैभव आहे. गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’, दुर्गा खोट्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’, लागूंचं ‘लमाण’, विजया मेहतांचं ‘झिम्मा’. ही पुस्तकं लोक किश्श्यांसाठी वाचतात. नटाने ती पेन्सिल घेऊन वाचावीत. तालीम कशी चालायची, एखादी भूमिका कुठे अडली, कशाने सुटली, दिग्दर्शकाने काय सांगितलं आणि नटाने त्याचं काय केलं, अशा जागांवर खूण करत जा. ‘झिम्मा’ त्या दृष्टीने वाचलंत तर तालमीची वहीच हाती लागते.

आणखी एक वाचन आहे, ज्याला अभिनयाचं वाचन कुणी म्हणत नाही. ते कथा, कादंबऱ्या आणि आत्मकथनांचं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचा. तिच्यातल्या कौतिकचं वऱ्हाडी बोलणं मोठ्याने वाचा. दया पवारांचं ‘बलुतं’ वाचा, भाऊ पाध्यांची मुंबई वाचा. आज मराठी आणि हिंदी दोन्हींकडे अस्सल बोली बोलणारा नट हवा असतो आणि आपली मुलं मात्र मुंबईला जाताना आपली वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी घरी ठेवून जातात. तुमच्या तोंडात जन्मापासून आहे ते फेकू नका. दुसऱ्या जिल्ह्याची बोली हवी असेल तर ती त्या भागातल्या लेखकाकडून उचला, मग तिथल्या माणसाकडून तपासून घ्या.

तपासून घ्या, असं म्हणालो. पुस्तकाची खरी मर्यादा इथे येते. पुस्तक तुम्हाला ऐकत नाही. तुम्ही ‘ऑफिसात खाल्लं’ हे वाक्य कितीही समजून घेतलंत तरी ते तुमच्या तोंडून कसं पडलं हे पुस्तक सांगणार नाही. त्यासाठी दुसरं माणूस लागतं. ते गुरू असलं तर उत्तम, मित्र असलं तरी चालतं, पण प्रामाणिक हवं. दुसरा धोका असा की काहीजण अभिनयाची पुस्तकंच वाचत बसतात आणि नाटक वाचत नाहीत. नऊ प्रश्न पाठ, पण तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सबंध वाचलेलं नाही. बेणारेचं शेवटचं स्वगत तेवढं मोबाइलवर उतरवून घेतलेलं असतं आणि ते ऑडिशनला म्हणतात. हे फार होतं आणि मला ते सहन होत नाही. आधीचा सगळा खेळ त्या बाईवर कसा उलटत गेला हे ज्याने वाचलं नाही, त्याला ते स्वगत नुसता आक्रोश वाटतं. तेंडुलकरांची तुटलेली वाक्यं, ते तीन-तीन टिंबांचे थांबे, एकेका थांब्याला त्यांनी कारण ठेवलेलं आहे. सबंध नाटक वाचा. स्वतःच्या भूमिकेआधी समोरच्याची भूमिका मोठ्याने वाचा. श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मारा. एकदा हाताने उतरवून काढा, लिहिताना विरामचिन्हंही बोलू लागतात. आणि जे वाचलंत ते त्याच दिवशी उभं राहून करून पाहा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

शेवटी दोन विनंत्या करतो. एक वाचनालयाला. महिन्यातून एक संध्याकाळ नाटकाच्या सामुदायिक वाचनासाठी ठेवा. वेशभूषा नको, प्रकाशयोजना नको, चार खुर्च्या आणि संहितेच्या चार प्रती पुरेत. एकाने वाचायचं, तिघांनी ऐकायचं आणि ऐकलेलं खरं खरं सांगायचं. दुसरी विनंती इथे बसलेल्या मुलामुलींना. येत्या राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला लागाल तेव्हा पहिले आठ दिवस कुणीही उभं राहू नका. बसा आणि वाचा.